भुरका, भोंगा आणि जवारी



मागच्या खेपेला प्रश्नोत्तरांच्या वेळी एका बाईंनी विचारलं होतं, "सर, वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची सरकवली तरी माझं डोकं उठतं. घरातले म्हणतात, तुझंच काहीतरी बिनसलंय. खरंच तसं असतं का?" वेळ संपली म्हणून मी तो प्रश्न पुढे ढकलला. आता कबूल करतो, वेळ होती, उत्तर नव्हतं. आणि नेमकं तेच प्रकरण तेव्हा माझ्या घरात चालू होतं. त्यामुळे आज दुसरा विषय ठरला होता तो बाजूला ठेवून आवाजावर बोलणार आहे.

सुरुवात माझ्याच गुन्ह्यापासून करतो. मी चहा बशीतून पितो. आमच्या पिढीला त्यात काही वावगं वाटत नाही. बशीत ओतला की चहा लवकर निवतो आणि भुरका मारला की हवा मिसळून आणखी निवतो, स्वादही नाकापर्यंत पोचतो. त्यात थोडं शास्त्र आहे, थोडी सवय आहे आणि बराचसा आनंद आहे. माझा नातू शाळेसाठी दोन वर्षं आमच्याकडे माधवनगरला आहे, वय चौदा. पहिले काही महिने तो आमच्याबरोबर जेवायचा. मग ताट घेऊन आतल्या खोलीत जायला लागला. मी चहा घ्यायला बसलो की उठून जायचा. मी मनाशी म्हटलं, आजकालची मुलं, मोबाइल बघायचा असेल. एक दिवस मात्र राग आला. पंक्तीत बसून आमटीचे भुरके मारत आम्ही वाढलो, आमच्यात कुणी असं उठून गेलं नाही, असं बरंच काही बोललो आणि त्याला समोर बसवलं. तो बसला. दोन मिनिटांत त्याचे हात कानांवर गेले, चेहरा लाल झाला, डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, "आजोबा, मला आधी तुमचा राग येत नाही. आवाजाचा येतो. मग तुमचा येतो. मग माझाच येतो."

चाळीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं, पण एवढं नेमकं आत्मनिरीक्षण माझ्या वर्गात क्वचितच कुणी केलं असेल.

याला एक नाव आहे, मिसोफोनिया. ग्रीक शब्दांची जोड आहे, अर्थ 'आवाजाचा द्वेष'. मार्गारेट आणि पावेल जास्त्रेबॉफ या दाम्पत्याने 2001 मध्ये हा शब्द वापरात आणला. शब्द नवा, त्रास जुनाच असणार. यात सगळे आवाज त्रास देत नाहीत, ठरावीक आवाज देतात. आणि ते बहुधा मोठे नसतात. चावण्याचा, मचमच करण्याचा, भुरक्याचा, नाक ओढण्याचा, पेनाचं टोपण टकटक करण्याचा. तो मनुष्य त्या आवाजाला नुसता वैतागत नाही. छातीत धडधडतं, अंगाला घाम येतो, पळून जावंसं किंवा ओरडावंसं वाटतं. सुरुवात बहुतेक वेळा लहानपण संपता संपता होते, आणि पहिला त्रास पुष्कळदा घरातल्याच माणसांच्या आवाजाचा होतो. हे वाचलं तेव्हा मला जरा हायसं वाटलं. म्हणजे नातवाचं माझ्याशी वैर नव्हतं.

न्यूकॅसलच्या सुखबिंदर कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा लोकांच्या मेंदूचं चित्रण केलं, ते 2017 मध्ये प्रसिद्ध झालं. ते आवाज ऐकताना मेंदूतला इन्सुला नावाचा भाग त्यांच्यात फार जोरात कामाला लागतो. कुठल्या गोष्टीकडे तातडीनं लक्ष द्यायचं हे ठरवण्यात या भागाचा मोठा वाटा आहे. सोबत हृदयाचे ठोकेही वाढतात. पुढे 2021 मध्ये त्याच गटानं आणखी एक गोष्ट दाखवली. या लोकांच्या मेंदूत ऐकण्याचा भाग आणि तोंड-जबडा हलवण्याचा भाग यांचा संबंध इतरांपेक्षा घट्ट दिसतो. म्हणजे समोरचा चावतो आणि ऐकणाऱ्याच्या मेंदूत जणू त्याचंच तोंड कुणीतरी हलवायला लागतं. असं असेल तर त्या मुलाला मी माझा चहा नुसता ऐकवत नव्हतो, एका अर्थी बळजबरीनं पाजत होतो. हा अर्थ माझा आहे, शास्त्रज्ञ इतकं सैल बोलत नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, हे एखाद्याचं झालं. बाकीच्यांना तर त्या भुरक्याचं काही वाटत नाही. मग त्रास खरा की त्याच्या मनाचा? इथे मला माझं जुनं पाठ्यपुस्तक आठवलं. अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह. न्यायशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येकाच्या हातात पहिल्यांदा पडणारं छोटंसं पुस्तक. त्यात दुःखाची व्याख्या अशी आहे की सगळ्यांना जे प्रतिकूल वाटतं ते दुःख. मी वर्षानुवर्षं ही व्याख्या फळ्यावर लिहिली, आणि त्यातला 'सगळ्यांना' हा शब्द माझ्या कधी टोचला नाही. खुर्चीचा आवाज सगळ्यांना प्रतिकूल नाही, भुरकाही नाही. मग त्या बाईंचं दुःख हे दुःखच नाही की काय?

गंमत अशी की अन्नंभट्टानं आपल्याच पुस्तकावर 'दीपिका' नावाची टीका लिहिली आहे, आणि तिथे तो स्वतःलाच दुरुस्त करतो. तो म्हणतो, मूळ वाक्य नुसतं स्वरूप सांगण्यासाठी आहे, ते काटेकोर लक्षण समजू नका. खरी ओळख वेगळी आहे. 'मी सुखी आहे', 'मी दुःखी आहे' अशी जी स्वतःची स्वतःला जाणीव होते, तिच्यावरून सुखदुःख ओळखायचं. म्हणजे दुःखाचा साक्षीदार एकच, ज्याला ते होतं तो. बाकीच्या घरानं मतदान करून ते रद्द करता येत नाही. ही ओळ मी शिकवली आहे, परीक्षेत विचारली आहे, तिच्यावर मुलांचे गुणही कापले आहेत. स्वयंपाकघरात मात्र ती मला आठवली नाही.

'मनावर घेऊ नकोस' हे आपलं सगळ्यांत आवडतं औषध. फुकट आणि बिनकामाचं. बौद्ध ग्रंथांत, अंगुत्तर निकायात, एक प्रसंग आहे. बुद्ध वैशालीजवळ महावनात राहत होते. लिच्छवी सरदार रथांच्या ताफ्यातून गोंगाट करत भेटीला येतात, हे कळल्यावर काही ज्येष्ठ भिक्षू तिथून उठून गोसिंग शालवनात निघून गेले. पुढे बुद्धाला हे समजलं तेव्हा तो त्यांना रागावला नाही. मन घट्ट करा, आवाजात बसून साधना करा, असंही म्हणाला नाही. उलट म्हणाला, बरोबर केलं, ध्यानाच्या पहिल्या पायरीला आवाज हा काटाच आहे. ज्यांनी मनाच्या तयारीत आयुष्य घातलं त्यांनाही जागा बदलावी लागली. आपण चौदा वर्षांच्या पोराकडून काय अपेक्षा करतो!

आमच्या पाश्चात्त्य मंडळींमध्येही या दुखण्याचे बरेच रुग्ण आहेत. कांट शेजाऱ्याच्या कोंबड्याला कंटाळून राहतं घर सोडून गेला. शोपेनहावर गाडीवानांच्या चाबकाच्या फटकाऱ्यानं हैराण व्हायचा. त्यानं आवाजावर एक निबंधच लिहिला आणि त्यात असं सुचवलं की ज्याची बुद्धी मोठी त्याला आवाजाचा त्रास जास्त. हे मला फार वर्षं सोयीचं वाटत होतं. बाहेर गोंगाट झाला की मी चिडायचो आणि वर स्वतःला शोपेनहावरच्या रांगेत बसवायचो. आता वाटतं, संवेदनशीलता हा काही बुद्धीचा दाखला नाही. कुणाची त्वचा उन्हानं लवकर करपते, तसं हे. शेतकऱ्यात असेल, रिक्षावाल्यात असेल. फक्त त्यांचे निबंध छापले जात नाहीत.

(बाहेरून उसाच्या ट्रॅक्टरचा आणि गाण्याचा मोठा आवाज. वक्ते काही क्षण थांबतात. सभागृहात हशा.)

बघा, उदाहरण स्वतःच्या पायांनी चालत आलं. दोन ट्रॉल्या, भरलेला ऊस, आणि साउंड बॉक्स. हंगाम सुरू झाला की रात्री दोनला, तीनला हे सुरू असतं. मी यावर तक्रारी केल्या आहेत, एकदा रात्री लुंगीवर रस्त्यावरही उतरलो आहे. मागच्या वर्षी पहाटे फिरायला गेलो तेव्हा चहाच्या टपरीवर असाच एक चालक भेटला. बीडकडचा. मी जरा तावातावानंच विचारलं, बाबा रे, एवढा आवाज कशाला? तो शांतपणे म्हणाला, "काका, झोप लागली तर ट्रॉली कुणाच्या अंगावर जाईल? वजनकाट्यावर नंबर लागायची वाट बघत रात्र जाते, सकाळी पुन्हा फडात." त्या दिवसानंतर आवाज कमी झाला नाही. तेवढाच येतो. पण मला तो पूर्वीसारखा लागत नाही. पहिल्यांदा जाग येते तेव्हा मनात येतं, जागा आहे गडी. आणि बरेचदा मी परत झोपतो.

हा अनुभव माझ्या चांगुलपणाचा म्हणून सांगत नाही. याच्यामागे काय चाललं असावं याचा अभ्यास झाला आहे. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचं 1972 चं 'अर्बन स्ट्रेस' हे पुस्तक त्यासाठी प्रसिद्ध आहे. त्यांनी लोकांना बसवून मोठे, तुटक आवाज ऐकवले आणि त्यानंतर शांततेत कामं दिली, मुद्रितं तपासायची, न सुटणारी कोडी सोडवत राहायची. आवाज ठरावीक अंतरानं आला त्यांचं काम बरं झालं. तोच आवाज केव्हाही, अवचित आला त्यांचं बिघडलं. नंतर त्यांनी आणखी एक प्रयोग केला. अर्ध्या लोकांच्या हाताशी एक बटण दिलं आणि सांगितलं, अगदी असह्य झालं तर दाबा, आवाज थांबेल, पण शक्यतो दाबू नका. लोकांनी बटण दाबलं नाही. आवाज दोन्हीकडे सारखाच झाला. तरीही ज्यांच्या हाताशी बटण होतं त्यांचं नंतरचं काम पुष्कळ चांगलं झालं, चिकाटीही टिकली.

यावर मी पुष्कळ विचार केला. कानात शिरलेली ऊर्जा तीच, पडदा तोच, तरी परिणाम वेगळा. म्हणजे आवाज किती मोठा यापेक्षा, तो माझ्यावर लादला आहे की त्यात माझं काही चालतं, हा प्रश्न मोठा ठरतो. डोळ्यांना पापण्या आहेत, नको ते दिसलं तर मिटता येतात. कानाला निसर्गानं पापणी दिली नाही, झोपेतही तो उघडाच. म्हणून बटण दुसऱ्या कुणाच्या तरी हातात असतं, आणि खरा राग तिथे असतो. आपला स्वतःचा मिक्सर चालतो तेव्हा कुणी कानावर हात ठेवत नाही. भिंतीपलीकडचा मिक्सर सकाळी सहाला सुरू झाला की मात्र आपण त्या घराचा सगळा इतिहास काढतो.

याचं सगळ्यांत छान उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव. तुमच्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. लॉकडाउनमध्ये मुलांचे वर्ग मोबाइलवर झाले आणि नंतर मोबाइल काही हातातून सुटेना. तेव्हा सरपंच विजय मोहिते आणि गावकऱ्यांनी ऑगस्ट 2022 मध्ये ठरवलं की संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजेल, घरोघरी टीव्ही-मोबाइल बंद होतील, मुलं अभ्यासाला बसतील, आणि साडेआठला भोंगा पुन्हा वाजेल. सुरुवातीला लोक हसले, मग घरोघर जाऊन समजावलं, मग ते रुळलं. आता भोंगा म्हणजे काही सतारीचा झंकार नव्हे, साऱ्या गावाला ऐकू जावा म्हणूनच तो कर्कश असतो. पण तो सातलाच वाजतो, कशासाठी वाजतो ते पोराबाळांना माहीत आहे, आणि तो वाजावा हे गावानं मिळून ठरवलं आहे. म्हणजे प्रयोगातल्या दोन्ही गोष्टी तिथे आहेत, वेळ ठरलेली आणि बटण गावाच्या हातात. आमच्या लहानपणी गिरणीच्या भोंग्यावर लोक घड्याळं लावायचे, आया मुलांना हाका मारायच्या. तो आवाजही लहान नव्हता.

तरीपण इथे एक धोका आहे आणि तो सांगितला नाही तर मी अर्धं सांगितल्यासारखं होईल. सगळं मनावर ढकलायचं नाही. मोठा आवाज आवडता असला तरी कान बिघडवतो. मिरवणुकीत भिंतीएवढ्या स्पीकरसमोर नाचणाऱ्या पोराला तो आवाज हवासा असतो, पण त्याच्या अंतर्कर्णातल्या केसासारख्या नाजूक पेशींना त्याची आवडनिवड कळत नाही. त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. डेसिबलचं गणितही फसवं आहे. दहा डेसिबल वाढले म्हणजे ऊर्जा दहापट झाली, वीस वाढले म्हणजे शंभरपट. कानाला मात्र दहा वाढले की साधारण दुप्पटच वाटतं. म्हणजे कान स्वतःची हानी कमी करून सांगतो.

यासाठी कायदा आहेच. 2000 सालचे ध्वनिप्रदूषण नियम. निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटरपर्यंत शांतता क्षेत्र, तिथे 50 आणि 40. रात्र म्हणजे दहा ते सहा. हे सहज मिळालेलं नाही. मुंबईत डॉ. यशवंत ओक, नंतर सुमैरा अब्दुलअली, ठाण्यात डॉ. महेश बेडेकर अशा माणसांनी वर्षानुवर्षं न्यायालयाच्या पायऱ्या झिजवल्या. लोकांनी त्यांनाही 'तुमच्याच कानात दोष' म्हटलं असणार, मला शंका नाही. ट्रकच्या पाठीवरचं 'हॉर्न ओके प्लीज' राज्य सरकारनं 2015 मध्ये बंद केलं. हॉर्न मात्र अजून ओकेच आहे. असो.

पण कायदा मोजतो ते डेसिबल. माझा भुरका 45 च्या आत बसतो. म्हणजे मी कायद्यानं निर्दोष, आणि नातू तरी रडतो. हा जो कायद्याच्या खालचा भाग आहे, खुर्चीचा, भुरक्याचा, रात्री चालणाऱ्या नळाच्या मोटारीचा, तिथे आपल्याकडे काही व्यवस्थाच नाही. तिथे फक्त नाती आहेत.

आता थोडं मिरजेकडे जाऊ, इथून हाकेच्या अंतरावर आहे. तिथल्या सतारमेकर मंडळींच्या तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मूळचे हे लोक शस्त्रांना धार लावणारे शिकलगार, एकोणिसाव्या शतकात वाद्यांकडे वळले. तंबोऱ्याची तार ज्या घोडीवरून जाते तिचा वरचा भाग ते कानसीनं घासत, पुन्हा तार छेडत, पुन्हा घासत बसतात. याला जवारी काढणं म्हणतात. तार त्या पृष्ठभागाला अगदी हलकी घासली पाहिजे, म्हणजे ती झणझणते. खाली सुताचा दोरा सरकवून ती झणझण नेमकी करतात. ही झणझण म्हणजे काय? भौतिकशास्त्रानं बघितलं तर तार लाकडाला लागून होणारी खरखर. दुसऱ्या कुठल्याही यंत्रात असा आवाज आला तर आपण मिस्त्रीला बोलावू. इथे मात्र तिच्यातून एकामागून एक वरचे स्वर उमलतात, आणि गवई त्यांवर आपला षड्ज ठेवतो. दारातलं सैल पत्र्याचं झाकण वाऱ्यानं झणझणलं की मी उठून ते बसवतो, आणि त्याच रात्री तंबोरा ऐकत तासभर बसतो.

म्हणजे आवाज एकटा असा काही नसतोच. आवाज, कान, आणि त्यांच्यामधलं नातं असे तीन असतात. वैशेषिकांनी शब्दाला आकाशाचा गुण मानलं, दोघांच्या मधल्या पोकळीचा गुण. त्यांचा अर्थ वेगळा होता, पण मला ते हल्ली अशा अर्थानंही आवडतं.

आमच्या घरात पुढे काय झालं ते सांगतो, कारण त्या बाईंना तेच हवं असेल. नातवाला समुपदेशकाकडे नेलं. यासाठी खास गोळी नाही, हे पहिल्याच भेटीत कळलं. वर्तनोपचारानं काहींना बरा गुण येतो, ते सुरू आहे. सारखे बोळे घालून बसू नको, असं सांगितलं, कारण पूर्ण शांततेची सवय लागली तर कान आणखी हळवा होतो. त्यापेक्षा मागे बारीक आवाज असू दे. म्हणून जेवताना आम्ही रेडिओ लावतो. त्याची जागा माझ्यासमोरून काढून आजीच्या शेजारी केली. सगळ्यांत उपयोगी पडलं ते वेगळंच. आमच्यात एक खूण ठरली. त्याला असह्य झालं की तो दोन बोटं टेबलावर ठेवतो. मी थांबतो. कारण विचारायचं नाही, तोंड वाकडं करायचं नाही. पहिल्या आठवड्यात दहा-बारा वेळा बोटं आली. आता कधी आठवडा जातो, येत नाहीत. आवाज तोच आहे, मी काही फार सुधारलेलो नाही. ते बटणाचं प्रकरण मी त्याला सांगितलेलं नव्हतं बरं का, खूण त्यानंच सुचवली.

आणि मी स्वतःही या वयात त्याच वाटेवर आहे. म्हातारपणी कान दुहेरी दगा देतो. हळू बोललेलं ऐकू येत नाही म्हणून आपण 'काय?' म्हणतो, समोरचा जरा मोठ्यानं बोलतो, आणि आपण म्हणतो, 'ओरडतोस कशाला?' सूनबाईंना वाटतं सासरे खवट झाले. खवटपणा असेलही, पण ऐकण्याचा पल्लाच आखूड झालेला असतो. ऐकू येणं आणि सहन न होणं यांत पूर्वी जे मोठं मैदान होतं, त्याचं आता अंगण झालं आहे. घरात म्हातारी माणसं असतील तर मोठ्यानं नको, समोर येऊन सावकाश बोला. आणि भांडी जरा हळू ठेवा हो.

(श्रोत्यांतून प्रश्न: मग सर, डीजेवाल्यांनाही समजूनच घ्यायचं का?)

नाही. त्यांना 55 डेसिबल समजवायचं. ट्रॅक्टरवाल्याला जागं राहायचं आहे, त्याची गरज मला कळली. कारखान्यावर त्याला झोपायला जागा आणि वेळ मिळाली तर तो आवाजही उरणार नाही, आणि ती मागणी आपण करायला हवी, नुसती पोलिसांत तक्रार नव्हे. डीजेची गोष्ट तशी नाही. तिथे कुणा आजाऱ्याच्या, बाळंतिणीच्या हातात बटण नाही, आणि ज्याच्या हातात आहे त्याला विचारायची कुणाची हिंमत नाही.

चहा आलेला दिसतोय. कप आहेत, बशाही सांगितल्या आहेत. नातू आज मागच्या रांगेत बसला आहे, तेव्हा मी माझी बशी घेऊन बाहेर पायरीवर जातो. कुणाला सोबत यायचं असेल तर या.